ब्रॅकन एंडची अक्षरं

पुलाच्या कठड्याला टेकून मी खाली बघितलं आणि मला ठिपके दिसले.

रांगोळीचे असतात तसे. सारख्या अंतरावर, ओळीत, पिवळे ठिपके; आणि भोवती नुकतंच हिरवं होऊ लागलेलं गवत. मी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला! कारण त्या उतारात काय दडलंय म्हणतात ते मला ठाऊक होतं. त्याच उताराच्या पायथ्याशी कामावरच्या डॅरेनने त्याच्या डिगरचं, माती खणायच्या मशीनचं, इंजिन चालू केलं होतं. आणि मला बोलता येत नव्हतं.

तोंडाला काही झालं नव्हतं. माझं मौन होतं.

पण आधी स्टेशनाचं सांगते, नाहीतर एवढी कसली घाई ते कळायचं नाही.

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सचा शेवटचा राउंडअबाउट मागे पडला की शेतं लागतात, आणि शेतांच्या कडेला आमचं ब्रॅकन एंड. एक चर्च, एक पब, एक दुकान. पूर्वी इथे रेल्वे स्टेशन होतं. एकच फलाट, विटांची बुटकी इमारत, दुधाचे कॅन चढवायला लाकडी धक्का. एकोणीसशे चौसष्ट साली ते बंद झालं. रूळ उचलून नेले, इमारत पाडून विटा विकल्या, फलाटसुद्धा सपाट करून टाकला. राहिला तो रस्त्याचा पूल. त्याच्याखालून आता काहीच जात नाही. नवीन माणसाला वाटतं, या लोकांनी कोरड्या जमिनीवर पूल का बांधला असेल बाई?

आमची शेजारीण जीन नव्वदीला टेकली आहे. तिचे वडील, आर्थर, त्या स्टेशनावर पोर्टर होते. त्या काळी सगळ्यांत सुंदर राखलेल्या स्टेशनाला बक्षीस मिळायचं, आणि आर्थरला त्या बक्षिसाचं फार वेड. त्याने फलाटासमोरच्या उतारावर पांढऱ्या दगडांनी गावाचं नाव लिहिलं होतं. माणसाएवढी उंच अक्षरं, गाडी थांबायच्या आधीच खिडकीतून वाचता यावीत अशी. दर ईस्टरला दगडांना चुना लावायचा. तो पुढे आणि बादली घेऊन चिमुरडी जीन मागे.

शेवटची गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मोडतोड करणारी माणसं येणार होती. तर आर्थरने काय करावं? एकेक दगड होता तिथल्या तिथे पालथा केला, वर माती ओढली, मातीवर हिरवळ बसवली. "रूळ न्या, विटा न्या. नाव नाही मिळायचं," एवढंच म्हणाला म्हणे.

ही गोष्ट मी जीनकडून कितीदा तरी ऐकली आहे, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. गावाच्या मात्र नाही यायचा. फोटो कुणाकडे नाही, आर्थर कधीच गेला, आणि जीनच्या डोळ्यांना आता मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. कधी गुरुवारला सोमवार म्हणते. त्यामुळे पबमध्ये गंमतच झाली होती. कुणाची किल्ली हरवली की दुसरा म्हणायचा, "जीनच्या अक्षरांखाली बघितलीस का?" आमच्या घरातसुद्धा! पुरुषोत्तम, म्हणजे आमचे हे, चष्मा शोधता शोधता तेच म्हणायचे. मला वाईट वाटायचं. जीन हसायची, पण हसून झालं की खिडकीकडे तोंड फिरवायची.

आता जुन्या रुळांच्या जागेवरून सायकलींसाठी आणि चालणाऱ्यांसाठी नवा रेडवे होतोय. रस्त्यावरून त्यावर उतरायला उतार कापून रॅम्प करायचा. आमची मुलगी कस्तुरी गावाच्या हिस्ट्री ग्रुपचं सगळं बघते. जन्म इथलाच, आवाज मात्र तिच्या आत्यावर गेलेला, खणखणीत. तिने रेडवेच्या इंजिनियरला, स्टुअर्टला, गाठून कबूल करून घेतलं, की स्टेशनाचं काहीही मूळ जागेवर सापडलं तर रॅम्प बाजूला सरकवायचा आणि तिथे स्टेशनाचं नाव देऊन विसाव्याचा थांबा करायचा. नाही सापडलं तर काम ठरल्याप्रमाणे सुरू.

झालं! गावाने कुदळी काढल्या. पण कुठे खणायचं? जीन म्हणाली, चर्चकडच्या उतारावर. ग्रुपमधले एक गृहस्थ म्हणाले, छे, फलाटच चर्चकडे होता, मग नाव समोरच्या बाजूला, शेताकडे. त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. ते स्पष्ट बोलतात, त्यांना दिसतं नीट, वार चुकत नाहीत. सगळ्यांनी शेताकडची बाजू खणली. गंजके डबे निघाले आणि एक बूट निघाला. बूट पुष्कळ जुना होता, पण बुटासाठी कोण रॅम्प सरकवणार?

तर तो सोमवार कामाचा पहिला दिवस. श्रावणी सोमवार.

माझं मौन त्याच्या आधीपासूनचं. चातुर्मासात मी दर वर्षी काहीतरी नेम धरते. एका वर्षी वांगं सोडलं, एका वर्षी पानावर मीठ वाढून घेतलं नाही. यंदा श्रावणापुरतं काष्ठमौन धरलं: सकाळी अंघोळ केल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत बोलायचं नाही. लिहायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत. लाकडासारखं राहायचं. हे ऐकल्यावर पुरुषोत्तम म्हणाले, "कधीपासून सुरू करणार ते सांगून ठेव हो. एरवी मला फरक कळायचा नाही."

त्यांचंही खरंच आहे. माझा आवाजच लहान. दुकानात मी काही मागितलं की ते लोक आधी इकडेतिकडे बघतात.

जीनला काम सुरू होताना तिथे हजर राहायचं होतं. मी तिची चाकाची खुर्ची ढकलत पुलावर नेली. खाली सगळे जमले होते. कस्तुरी, पुरुषोत्तम, हिस्ट्री ग्रुप, हेल्मेट घातलेला स्टुअर्ट, कडेला एक घडीचं टेबल मांडून त्यावर चहाचा थर्मास. पराभव झाला तरी चहा हवाच, हे या लोकांचं मला फार आवडतं.

"कोणत्या बाजूला उभं केलंय मशीन?" जीनने विचारलं. मग स्वतःच कान देऊन म्हणाली, "चर्चकडे. बरोबर ना? अगदी वडिलांच्या नावावरच आणून उभं केलंय. व्ही, सांग की गं त्यांना!"

ती मला व्ही म्हणते. वैजयंती तिच्या तोंडात मावत नाही.

मी गप्प. तेव्हा तिच्या लक्षात आलं. "अगंबाई, तुझी शांत वेळ आहे नाही का? राहू दे. तुझा नेम तू पाळ. माझं ऐकून तरी कोण घेतंय, तुझं काय घेणार!" आणि तिने माझ्या हातावर थोपटलं.

तिच्या तोंडाकडे मला बघवेना. म्हणून मी खाली उताराकडे बघितलं.

आणि ठिपके दिसले.

सगळा उन्हाळा पाऊस नव्हता. गवत सगळीकडे वाळून बिस्किटाच्या रंगाचं झालं होतं. गेल्या दोनतीन दिवसांत सरी आल्या आणि उतार हिरवा होऊ लागला. पण सगळा नाही. जिथे माती पातळ, तिथे पाणी कुठून टिकणार? तेवढं गवत पिवळंच राहिलेलं. खाली उभ्या असलेल्यांना ती नुसती वाळलेली जागा. पण पुलावरून, वरून बघणारीला ठिपके! मी लहानपणापासून दारात ठिपक्यांची रांगोळी काढत आले आहे. ठिपका आपोआप पडलेला आणि ठिपका कुणीतरी अंतर धरून टाकलेला, हे माझ्या डोळ्याला कुणाला विचारावं लागत नाही.

डोळे आपोआप ठिपके जोडू लागले. एक उभी ओढ. तिच्यापासून निघालेल्या दोन तिरप्या. के! पुढे फणीसारखं काहीतरी, तीन दाते. ई! अरे देवा. मागे वळले, तर सी. आडवी पडलेली अक्षरं मी मान वाकडी करून वाचत होते. ब्रॅकन! सगळं तिथे होतं. आर्थरने झाकलेलं नाव एवढ्या वर्षांनी स्वतःच वर यायला बघत होतं, आणि खाली डॅरेनच्या डिगरने सोंड उचलली होती.

नेम मोडावा का? मोडला असता तर देव रागावला असता असं मला वाटत नाही. माझा देव तसा नाही. पण संकल्प मी सोडला होता, त्याने नाही. हातावर पाणी घेऊन दिलेला शब्द पहिल्या अडचणीला खाली ठेवायचा, तर मग तो धरला कशाला? आणि त्याच वेळी आतून कुणीतरी ओरडत होतं: अगं, दगड! जीनचे दगड!

मग एकदम सुचलं. मौन कधीपर्यंत? नैवेद्य दाखवेपर्यंत. नैवेद्य घरीच दाखवायचा असं कुठे ठरलं होतं? देव काय फक्त आमच्या देव्हाऱ्यात बसलाय?

जीनच्या खुर्चीचा ब्रेक लावला आणि मी पळाले. हो, पळाले! साडी नव्हती म्हणून बरं. पुलाच्या बाजूच्या पायऱ्या, मग चिखल, मग काटेरी ब्रॅम्बल; ओढणी अडकली ती ओढून सोडवली. गुडघे काय म्हणत होते ते मी ऐकलंच नाही. थेट चहाच्या टेबलापाशी. केकमध्ये अंडं. बिस्किटांचा भरवसा नाही. पण साखर होती! कागदी पुडीतली, स्वच्छ, बंद. घाईच्या वेळी साखरेचा नैवेद्य आपल्याकडे कोण नाही दाखवत?

दोन पुड्या उचलल्या, पाण्याची बाटली उचलली, कुंपणाकडच्या डॉक नावाच्या रानटी रोपाचं रुंद पान तोडलं आणि मोकळी जागा शोधली. मोकळी जागा एकच होती, डिगरच्या समोर. बूट काढले, बसले, पाण्याने जमिनीवर चौकोन केला, त्यावर पान ठेवलं, पानावर साखर.

"आई!" कस्तुरीचा आवाज आला. "आई, तू काय करते? तिथे मशीन आहे! सगळे बघतात!"

"अगं, दूध-केळं घरी काढून ठेवलंयस ना?" हे पुरुषोत्तम. "इथे कुठे मांडलंस? ऊठ, ऊठ, तो माणूस खोळंबलाय."

मी डोळे मिटले. हात जोडून मनातल्या मनात म्हणायचं ते म्हणू लागले. मनात सुद्धा इतका गलका होता की दोनदा चुकले आणि पहिल्यापासून घेतलं. डिगर घरघरत होता. माझी खरी भीती आता वेगळीच होती: मौन सुटेल, पण या आवाजात माझं बोलणं ऐकू कुणाला जाणार? मी आयुष्यात कधी ओरडले नाही. ओरडायचं कसं तेच मला येत नाही.

तेवढ्यात स्टुअर्ट कस्तुरीला म्हणाला, "हे मी बघितलंय! आमच्या एका साइटवर तुमच्या लोकांनी काम सुरू करताना जमिनीची पूजा केली होती. किती छान! पण नारळ असतो ना?"

"नारळ... हो... नाही," कस्तुरी म्हणाली.

डोळ्यांच्या फटीतून मला दिसलं, स्टुअर्टने हेल्मेट काढून छातीशी धरलं होतं. त्याचं बघून हिस्ट्री ग्रुपने टोप्या काढल्या. शेताकडची बाजू सांगणारे गृहस्थसुद्धा मान खाली घालून उभे राहिले. आणि डॅरेनने डिगरमधून वाकून बघितलं.

"प्रार्थना करतायत होय?" तो म्हणाला. "माझी आजीपण सकाळी माळ घेऊन बसते. सावकाश होऊ दे, लव्ह."

आणि त्याने इंजिन बंद केलं.

काय शांतता झाली! चर्चकडच्या झाडात एक पक्षी बोलत होता तोसुद्धा ऐकू यायला लागला. मी पानाभोवती पाणी फिरवलं, नमस्कार केला, चिमूटभर साखर तोंडात टाकली. सोमवारच्या उपासाला साखर चालते. "नारायण," म्हटलं. मौन सुटलं.

"डॅरेन," मी म्हणाले, माझ्या नेहमीच्याच आवाजात, "मशीन हलवू नका. जीनची अक्षरं या उतारात आहेत. मी वाचून आले."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. माझं वाक्य शेवटपर्यंत सगळ्यांनी ऐकल्याचा अनुभव मला नवीनच होता.

"वाचून?" स्टुअर्ट म्हणाला.

"पुलावरून. के आहे, ई आहे, सी आहे. वर जाऊन बघा."

कस्तुरीने मला काही विचारलं नाही. ती धावत सुटली. लहानपणी आइस्क्रीमची गाडी आली की धावायची तशी. पुलावर पोचली, कठड्यावरून वाकली, आणि मग तिच्या आत्याचा आवाज तिच्या गळ्यातून असा काही निघाला की चर्चवरचे कावळे उडाले.

"ओ माय गॉड! बाबा! बी! आर! सगळं नाव आहे! जीन, तुमची अक्षरं आहेत!"

मग काय सांगायचं! कुणी पुलाकडे धावलं, कुणी फावडं घेऊन उताराकडे. स्टुअर्ट "थांबा, थांबा, हातांनीच, हळू," म्हणत स्वतःच गुडघ्यावर बसला. मी दाखवलेल्या पहिल्या ठिपक्यावरची हिरवळ त्याने खुरप्याने चकतीसारखी उचलली. खाली माती. आणि बोटभर माती बाजूला केली तर दगड. मळका, तपकिरी, साधा दगड.

"दगड तर कुठेही सापडतो," शेताकडचे गृहस्थ म्हणाले. पण हळूच.

"पालथा करा," मी म्हणाले. "म्हणजे, सुलटा करा. आर्थरने उलटे ठेवलेत ते."

स्टुअर्टने दोन्ही हातांनी तो फिरवला. खालची बाजू पांढरी होती! मातीने डागाळलेली, पण चुन्याचे थरावर थर, अंड्याच्या कवचासारखे. सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघाला. पुरुषोत्तमांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मला म्हणाले, "अगं, खरंच की गं." मी काही बोलले नाही. बोलता येत असूनही.

पुढचा दगड हातभर अंतरावर. त्याच्या पुढचा तितक्याच. डॅरेन डिगर तिथेच सोडून उतरला आणि आमच्याबरोबर मातीत बसला. एक मिळाला की "आणखी एक!" असं ओरडायचा. के पुरता उघडा झाला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्टुअर्टने टेप लावून अंतरं मोजली, फोटो काढले, बाजूला जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. आम्ही सगळे हातातलं काम थांबवून त्याच्या पाठीकडे बघत होतो. परत आला तेव्हा त्याचं तोंडच सांगत होतं.

"रॅम्प पुलाच्या पलीकडे," तो म्हणाला. "नाव जागेवर राहणार."

तोवर कस्तुरी आणि पुरुषोत्तमांनी जीनची खुर्ची मोठ्या फाटकाकडून फिरवून खाली आणली होती. मला वाटलं ती रडेल. ती कुठली रडते! तिने मान तिरकी केली, डोळ्याच्या कडेने त्या पांढऱ्या ठिपक्यांकडे खूप वेळ बघितलं, आणि पहिलं वाक्य काय म्हणाली असेल?

"डॅरेन, माझ्या एनवरून पाय काढ!"

डॅरेन बिचारा टुणकन उडी मारून बाजूला झाला. मीही दोन पावलं मागे सरले. अक्षरावर पाय देऊ नये हे मला कुणी सांगायला हवं होतं का?

तो पांढरा दगड स्टुअर्टने तिच्या मांडीवर ठेवला. तिने त्यावरून अंगठा फिरवला. "हा मी रंगवलेला नाही," ती म्हणाली. "माझा चुना नेहमी ओघळायचा. हा वडिलांचा."

मग शेताकडचे गृहस्थ पुढे आले. टोपी अजून हातातच होती. "जीन," ते म्हणाले, "सिग्नल बॉक्स कुठे होता, आठवतं का तुला? मला सांगितलेलं की—" पुढचं त्यांनी गिळलं.

"आठवतं का म्हणजे?" जीन म्हणाली. "माझा पहिला चहा मी तिथे प्यायले. तिथे!" आणि तिने काठी उचलून दूरच्या दाट जाळीकडे रोखली. तिथे माझ्या डोळ्यांना तर अंगाला लागली की आग होणाऱ्या नेटलच्या झुडपांशिवाय काहीच दिसत नव्हतं.

कस्तुरीने बाह्या वर सारल्या, डॅरेनने फावडं खांद्यावर टाकलं, गृहस्थांनी टोपी घातली, आणि सगळं गाव नेटलच्या दिशेने चालू लागलं. मी जीनची खुर्ची वळवली आणि त्यांच्या मागे निघाले.

"जरा भरभर, व्ही!" जीन म्हणाली. "मी पोचायच्या आधी ते भलतीकडे खणतील!"